दुर्बिणीचं ऑपरेशन वेगळं, गुडघा बदलणं वेगळं

"आधी दुर्बीण करून बघू, नाहीच जमलं तर मग गुडघा बदलू." नाशिकमध्ये गुडघ्याच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेताना हे वाक्य सारखं कानावर पडतं. बोलणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. जिचा गुडघा आहे ती आई बाकावर गप्प बसलेली असते. मुलाचा हिशोब सरळ आहे. दुर्बीण म्हणजे छोटं ऑपरेशन, बदल म्हणजे मोठं, मग छोट्यापासून सुरुवात का करू नये? हिशोब चुकतो तो इथे, कारण ही दोन ऑपरेशनं मुळात एका दुखण्यासाठी केलीच जात नाहीत.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला डॉक्टर आर्थ्रोस्कोपी म्हणतात. गुडघ्याच्या समोर, वाटीच्या खालच्या अंगाला दोन छोटी भोकं पाडतात. एकातून साधारण चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, दुसऱ्यातून बारीक हत्यारं. सलाईनचं पाणी सोडून सांधा फुगवतात आणि आतलं सगळं पडद्यावर बघत काम करतात. क्रिकेट किंवा कबड्डी खेळताना पाय मुरगळून लिगामेंट तुटलं, गादी म्हणजे मेनिस्कस फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकला आणि पाय सरळच होईना, हाडाचा सुटा तुकडा आत फिरतोय, सांध्यात पू झालाय, अशा वेळी दुर्बीण फार कामाची. पंचविशीतल्या पोराचा अडकलेला गुडघा दुर्बिणीनंतर मोकळा होतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना तो चमत्कारच वाटतो. मग हीच गोष्ट गल्लीभर होते आणि पासष्टीच्या काकूंपर्यंत पोचते.

काकूंचं दुखणं मात्र निराळं असतं. निफाड-लासलगावकडे वर्षानुवर्षं उकिडवं बसून कांदा निवडलेला, द्राक्षबागेत छाटणी-विरळणीला दिवसदिवस उभं राहिलेलं, त्यात वाढलेलं वजन. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत कूर्चेचं आवरण झिजत जातं, बहुधा आतल्या बाजूनं जास्त, आणि पायाला बाक येतो. हे आवरण दुर्बिणीतून परत बसवता येत नाही. आतले धागेदोरे कापून, सांधा धुऊन "साफसफाई" तेवढी होते. भिंतीचा गिलावाच सुटलाय आणि आपण झाडू मारतोय, असला तो प्रकार.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत ह्यूस्टनला झिजलेल्या गुडघ्यांच्या 180 रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींचा सांधा दुर्बिणीनं धुतला, काहींचा धुऊन साफही केला, आणि काहींना नुसत्या वरवरच्या चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. कोणाला काय केलंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षं विचारपूस केली तरी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक दिसला नाही. निकाल 2002 साली छापून आला. फिनलंडमध्ये 2013 साली फाटलेल्या गादीबाबत तसाच निकाल लागला. तिथे निवडलेल्या रुग्णांच्या गुडघ्यात झीज दिसत नव्हती, गादी मात्र वयोमानानं फाटलेली होती. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं स्पष्टच सांगितलं की वयोमानानं झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बीण जवळपास कोणालाच करू नये.

तरीही ती केली जाते, आणि त्याला मोठं कारण एमआरआयचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये "मेनिस्कस टिअर" असं लिहिलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, सापडलं कारण. पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे 35 टक्के लोकांची गादी फाटलेली निघाली. त्यातल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघा दुखलासुद्धा नव्हता. त्या वयात गादी फाटणं हे केस पिकण्याइतकंच सर्रास आढळतं. म्हणून साठीच्या पुढे, हळूहळू वाढलेल्या दुखण्यासाठी थेट एमआरआय करायची घाई नको. आधी साधा एक्स-रे काढा, पण उभं राहून. झोपून काढलेल्या एक्स-रेत वजन पडत नाही, हाडांमधली फट शाबूत दिसते आणि झीज झाकली जाते. फाइल माझ्यासमोर आली की मी आधी हेच बघते. फिल्मवर उभं राहून काढल्याची खूण नसेल तर डॉक्टरांना परत विचारून या, असं सांगते.

आता दुसरं ऑपरेशन. गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा उपटून काढतात, अशी धास्ती अनेकांना असते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हीकडून साधारण आठ-दहा मिलिमीटरचा थर कापून काढतात. वर कोबाल्ट-क्रोम धातूचं कवच बसतं, खाली धातूची बैठक आणि मधे खास पॉलिथिलीनची चकती. बहुतेक वेळा हे सगळं हाडाच्या सिमेंटनं पक्कं करतात. वाटी सहसा स्वतःचीच राहते. वाटलंच तर तिच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं बटण लावतात. पायाचा बाक याच वेळी निघतो. भूल बहुधा पाठीतून देतात. चीर चांगली वीतभर लांब असते आणि ती दुर्बिणीनं टाळता येत नाही. रोबोटची जाहिरात बघून "मग फाडणार नाही ना?" असं विचारणारे भेटतात. रोबोट हाड कापण्यात अचूकपणा आणतो; चीर तशीच लागते, ऑपरेशन सर्जनच करतो. वीस वर्षांनंतर त्यानं नक्की किती फरक पडेल, हे अजून सिद्ध झालेलं नाही. नुसत्या त्या नावासाठी कर्ज काढू नका, एवढंच.

तुमचं प्रकरण कुठलं, याचा अंदाज बोलण्यातूनच बराचसा येतो. अमुक दिवशी पाय मुरगळला आणि तेव्हापासून गुडघा मधेच अडकतो, सरळ करायला हलवावा लागतो, असं असेल तर दुर्बिणीची चर्चा रास्त. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलंय, सकाळी उठल्यावर आखडतं, जिना उतरताना जास्त दुखतं, पाय फेंगडा झालाय, अशी तक्रार झिजेची असते. पण झीज दिसली की लगेच बदला, असंही नाही. आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेटानं व्हायला हवा, वजन उतरायला हवं. एक किलो वजन कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. हे सगळं करूनही रात्री झोप लागत नसेल, मंडईपर्यंतचं चालणं सुटलं असेल, एक्स-रेत हाडाला हाड लागलेलं असेल, तर बदलाचा विचार करावा. एक्स-रे भयंकर आणि माणूस मजेत हिंडतोय, असंही असतं. त्यानं खुशाल हिंडावं.

दोन्हींनंतरचं आयुष्यही सारखं नाही. गादीचा तुकडा काढण्यापुरती दुर्बीण झाली तर माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. सांधा बदलल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात खरं, पण पुढचे सहा आठवडे मेहनतीचे असतात. आणि इथे घरच्यांच्या मायेनंच नुकसान होतं. दुखतंय म्हणून आई गुडघ्याखाली उशी मागते, सून ती प्रेमानं ठेवते. पाय वाकलेल्या अवस्थेत आराम वाटतो, पण दोन आठवड्यांत तो तसाच आखडतो. उशी नको, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनानं खाली जाऊन सरळ होतो. किती वाकला, 90 अंश की 110, याचीच चौकशी सगळे करतात. मला आधी तो पूर्ण सरळ झालेला हवा असतो, कारण सरळ न होणारा गुडघा घेऊन माणूस कायम लंगडत चालतो.

चिरेच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर राहतो. त्वचेची बारीक नस कापली जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटरी सुजून दुखली, एकाएकी दम लागला, जखमेतून पाणी येत राहिलं किंवा ताप आला तर मात्र फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं शक्यतो सोडावं लागतं. घरात कमोड आधीच बसवून घ्या. वणीच्या गडावर पायऱ्यांचा हट्ट नको, फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडापर्यंत चालायचं मनात असेल तर निदान तीन महिने हाताशी ठेवून ऑपरेशनची तारीख घ्या.

तयारीत एक गोष्ट शेतकरी घरांत हमखास राहते, ती म्हणजे पायाच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्या. उघड्या कातडीतून जंतू आत शिरतात आणि धातूच्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. भेगा, किडलेले दात, लघवीतला संसर्ग आणि रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, हे सगळं आधी ताळ्यावर आणा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर मधे तीन महिने जाऊ द्या.

टिकतो किती? जुन्या नोंदींवरून पूर्ण बदललेल्या सांध्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा सांधाही बदलता येतो. तो जास्त नैसर्गिक वाटतो, पण 25 वर्षं टिकण्याचं प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास. आणि दहातले एक-दोघं ऑपरेशन नीट होऊनही पूर्ण समाधानी नसतात, हेही आधी ऐकून ठेवलेलं बरं.

खर्चाचं बोलताना सांध्याची किंमत वेगळी विचारा. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं तिच्यावर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम सांध्याला तेव्हा 54,720 रुपये आणि वर जीएसटी. खोली, भूल, सर्जनची फी हे त्यात धरलेलं नाही, म्हणून एकूण पॅकेज प्रत्येक ठिकाणी वेगळं निघतं. सरकारी योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच लेखी घ्या. बिलावर सांध्याचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा आणि पाकिटावरची स्टिकर फाइलला चिकटवून घ्या. दहा-पंधरा वर्षांनी सांधा तपासायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा तीच लागतात.