दोन काचांमधली फट : पातळ थरांतील प्रवाहाच्या गणिताची पार्श्वभूमी

मुंबईत काचेच्या दुकानात तक्त्यांची थप्पी लावताना मधे वर्तमानपत्राचा कागद घालतात. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून तो असतोच. पण पावसाळ्यात भिजलेल्या दोन काचा थेट एकमेकींवर बसल्या तर त्या सहजासहजी सुट्या होत नाहीत, हेही तिथल्या कारागिराला पक्के ठाऊक असते. अशी जोडी हाती आली की तो वरची काच उचलायला जात नाही, तळहात टेकवून ती सावकाश बाजूला सरकवतो. सरकवताना मधल्या पाण्याला फक्त थरांवर थर घसरू द्यायचे असतात, आणि तो विरोध फट अरुंद होईल त्याच प्रमाणात वाढतो. उचलताना मात्र रिकाम्या होऊ पाहणाऱ्या फटीत कडेचे पाणी आत ओढावे लागते, आणि हा विरोध फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. फट निम्मी झाली की सरकवणे दुप्पट जड होते, उचलणे आठपट.

व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी 1874 मध्ये नेमके हेच मोजले. द्रवात बुडवलेल्या दोन चकत्या ठरावीक वजनाने ओढून सुट्या करायला किती वेळ लागतो, हे त्यांनी पाहिले. लोक ज्याला चिकटणे म्हणत होते ते चिकटणे नसून आत शिरणाऱ्या द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणूनच त्यांनी त्याला ‘भासमान’ चिकटणे म्हटले.

आज अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रायुयांत्रिकीच्या तासाला समांतर प्लेटांमधल्या प्रवाहाचे गणित अर्ध्या पानात संपते. समीकरण लिहायचे, दोनदा संकलन करायचे, दोन्ही प्लेटांवर वेग शून्य धरून स्थिरांक काढायचे. वेगाचा आलेख अन्वस्ताकार येतो, सरासरी वेग कमाल वेगाच्या दोन तृतीयांश निघतो. एकक रुंदीतून वाहणारा प्रवाह म्हणजे दाबातील फरक गुणिले फटीचा घन, भागिले श्यानता गुणिले लांबीची बारा पट. तिरप्या पृष्ठभागावरून ओघळणाऱ्या थराला वरची प्लेट नसते. तिथे मोकळ्या पृष्ठभागावर ताण शून्य धरतात, दाबाच्या उताराची जागा गुरुत्वाकर्षण घेते आणि बाराच्या जागी तीन येतात. घन मात्र तोच राहतो. हे सगळे इतके सुबक आहे की त्यातल्या तीन गृहीतकांसाठी दोनशे वर्षे लागली, याचा विद्यार्थ्याला पत्ताच लागत नाही.

पहिले गृहीतक न्यूटनचे. द्रवाच्या थरांमधला विरोध हा ते थर एकमेकांपासून ज्या वेगाने दूर होतात त्याच्या प्रमाणात असतो, असे त्यांनी 1687 मध्ये लिहिले, पण सिद्धांत म्हणून नव्हे, गृहीतक म्हणूनच. त्यातून पूर्ण समीकरणे उभी राहायला पुढचे शतक जावे लागले: 1822 मध्ये फ्रान्समध्ये नाव्हिए यांनी ती रेणूंमधील बलांच्या कल्पनेवरून मांडली, तर 1845 मध्ये केंब्रिजला स्टोक्स यांनी ताण आणि विरूपणाच्या वेगाच्या संबंधावरून.

दुसरे गृहीतक असे की भिंतीला लागून असलेला द्रव भिंतीपाशी थांबलेलाच असतो. आज आपण ते इतके सहज लिहितो की त्यावर वाद झाला होता हे खरे वाटत नाही. खुद्द नाव्हिए भिंतीपाशी द्रव घसरतो असे मानत होते. स्टोक्स यांनी वेग शून्य धरून लांब, सरळ नळीतल्या प्रवाहाचे उत्तर काढले, पण बोस्यु आणि द्यु ब्युआ या फ्रेंच संशोधकांच्या जुन्या मोजमापांशी ते मुळीच जुळेना. दोष गणितात नव्हता; त्या मोठ्या नळ्यांमधला प्रवाह खळबळीचा होता आणि त्याला हे गणित लागूच पडत नव्हते. जुळणारी मोजमापे तेव्हा पॅरिसमध्ये होत होती आणि ती करणारा माणूस अभियंता नव्हे, डॉक्टर होता. रक्ताभिसरणाचा विचार करता करता प्वाझई यांनी केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडले आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो हे दाखवले. जर्मनीत हागेन 1839 मध्ये स्वतंत्रपणे त्याच नियमापाशी पोहोचले होते.

तिसऱ्या गृहीतकाची, म्हणजे समीकरणातली जडत्वाची (द्रवाचा वेग बदलण्याशी निगडित) पदे सोडून देण्याची, गोष्ट रेल्वेची आहे, आणि मला ती सगळ्यांत रोचक वाटते. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेव्हा डब्यांच्या आसांना वंगण कसे द्यायचे याचे शास्त्र इंग्लंडमध्येही नव्हते. होते ते आडाखे. बेअरिंग तापून आस जळू लागणे ही त्या काळची नित्याची डोकेदुखी. इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने हे काम बोशँ टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. त्याने फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडवला, वर पितळी अर्धबेअरिंग बसवून त्यावर भार दिला आणि तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्याला एक भोक पाडले. यंत्र सुरू होताच तेल खाली जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले. त्याने बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. अखेरीस दाबमापक लावला तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता 100 पौंडांच्या आसपास. आस धातूवर टेकलेलाच नव्हता, तेलाच्या थरावर तरंगत होता.

टॉवरचा हा अहवाल 1883 चा. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये पेत्रोव यांनी बेअरिंगमधल्या घर्षणाचे सूत्र मांडले होते, पण त्यात आस बेअरिंगच्या बरोबर मधोमध फिरतो असे धरले होते, आणि तसे असेल तर भार तोलणारा दाब निर्माणच होत नाही. ती अडचण मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये सोडवली: थर सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो, पाचरीसारखा निमुळता असतो, आणि रुंद बाजूने ओढला जाणारा द्रव अरुंद बाजूकडे कोंडल्यामुळे दाब चढतो. त्यासाठी त्यांनी ऑलिव्ह तेलाची श्यानताही स्वतः मोजली.

पाठ्यपुस्तके इथे एक फरक पुसट करतात. प्लेटा तंतोतंत समांतर असतील आणि प्रवाह स्थिर व पूर्ण विकसित (म्हणजे पुढे जाताना वेगाचा आलेख न बदलणारा) असेल तर जडत्वाची पदे खरोखरच शून्य होतात. पाचरीच्या थरात ती शून्य नसतात, नगण्य असतात, आणि किती नगण्य ते रेनॉल्ड्स अंकाला (जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांच्या गुणोत्तराला) जाडी भागिले लांबीने गुणल्यावर कळते. फट 0.1 मिलिमीटर, लांबी 100 मिलिमीटर आणि अंक 100 असला तरी गुणाकार 0.1 च येतो. म्हणजे समांतर प्लेटांचे उत्तर थराच्या प्रत्येक छेदाला जसेच्या तसे लावता येते, फक्त दाबाचा उतार जागोजाग बदलतो. पुढे 1905 मध्ये ऑस्ट्रेलियात मिचेल यांनी कलत्या गाद्यांचे बेअरिंग केले ते याच पाचरीवर, आणि जहाजाच्या पंख्याचा रेटा पेलायला ते वापरले गेले.

1898 मध्ये इंग्लिश अभियंते हेली-शॉ यांनी दोन काचा अगदी जवळ ठेवून मधून रंगीत रेघांसह द्रव सोडला, तेव्हा अडथळ्याभोवतीच्या रेघा आदर्श, म्हणजे श्यानता नसलेल्या द्रवाच्या रेघांसारख्या दिसल्या. ज्या प्रवाहावर श्यानतेचेच राज्य त्यात तिच्या अभावाचे चित्र उमटावे हे चमत्कारिकच, पण स्टोक्स यांनी त्याच वर्षी गणिताने ते बरोबर ठरवले. सरासरी वेग दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो, एवढ्यावर सारे येते. आणि सच्छिद्र खडकातून झिरपणाऱ्या द्रवाचाही तोच नियम असल्यामुळे हेली-शॉ यांच्या काचा भूगर्भातल्या तेलाचे प्रतिरूप ठरल्या. सॅफमन आणि टेलर यांनी 1958 मध्ये अशाच काचांत कमी श्यानतेचा द्रव जास्त श्यान द्रवाला ढकलताना सरळ आघाडी मोडून बोटे फुटतात हे समजावले. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली मुंबई हायच्या चुनखडकातून तेल काढतानाही पाण्यानेच ते पुढे ढकलतात, आणि पाणी तेलाला वळसा घालून आधीच विहिरीत पोहोचू नये याची काळजी तिथे घ्यावी लागते.