कृंतकांचा सहनिवास, प्राणिगृहातील

कृंतकांचा सहनिवास, प्राणिगृहातील : प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात माऊस, रॅट, हॅमस्टर, गिनीपिग अशा एकाहून अधिक कृंतक (कुरतडणारे सस्तन प्राणी) जाती एकाच खोलीत ठेवण्याची पद्धत. एका पिंजऱ्यात दोन जाती घालणे येथे अभिप्रेत नाही. वाद आहे तो खोलीपुरता. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द माऊस (मूस मस्क्युलस) व रॅट (रॅटस नॉर्व्हेजिकस) या दोघांना लागतो, कोकणीतल्या ‘हुंदीर’चेही तेच. त्यामुळे साठा-नोंदवहीत नुसते ‘पांढरे उंदीर’ लिहिलेले असले, तर जात कळत नाही. रॅटला कोणी ‘घूस’ म्हणतात, पण घूस म्हणजे बँडिकूट. चिचुंद्री तर कृंतकच नव्हे. म्हणून या नोंदीत माऊस व रॅट हेच शब्द वापरले आहेत.

भारतात प्राण्यांवरील प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीच्या (पूर्वीची सीपीसीएसईए, आता सीसीएसईए) देखरेखीखाली व 1998 च्या नियमांनुसार चालतात. समितीची मार्गदर्शक तत्त्वे जातवार विभागणीचीच शिफारस करतात. अमेरिकेतील प्रयोगप्राणी-मार्गदर्शिका (8 वी आवृत्ती, 2011) मात्र रोगस्थिती सारखी आणि स्वभाव परस्परांना मानवणारे असतील, तर दोन जातींना एक खोली चालू शकते असे मानते. युरोपीय संघाचा 2010 चा निर्देश अधिक कडक आहे : भक्षक व भक्ष्य एकमेकांच्या नजरेच्या, वासाच्या वा आवाजाच्या टप्प्यात नसावेत.

रॅट हा माऊसचा भक्षक मानावा का, यावर मतभेद आहेत. पॉल कार्ली यांनी 1956 मध्ये रॅटच्या माऊसहत्येचे पद्धतशीर वर्णन केले. रानटी रॅटमध्ये ही वृत्ती पाळीव वाणांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि पिलूपणापासून माऊससोबत वाढलेले रॅट बहुधा मारत नाहीत. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला, की एका खोलीतच जन्मलेल्या वसाहतींना एकमेकांची सवय होते आणि प्रश्न मिटतो. हे मत सोयीचे आहे, पण पुरते पटत नाही. रॅटच्या मूत्रातील प्रमुख मूत्र-प्रथिन माऊसच्या नाकातील व्होमेरोनेझल (गंधसंकेत ओळखणाऱ्या) इंद्रियाला कळते आणि रॅट कधीही न पाहिलेला माऊस त्याने दबकतो, हे 2010 मध्ये दाखवले गेले. 2018 मध्ये नर रॅटच्या अश्रूंतील एका प्रथिनाचाही असाच परिणाम आढळला. ही प्रथिने वाफेसारखी उडत नाहीत. ती धुळीच्या कणांवर, हातमोज्यावर, टेबलावर बसून जातात. प्राणिगृहातल्या सेवकांना रॅट-माऊसमुळे जी शिंकांची ॲलर्जी होते, तिच्या मुळाशीही याच कुळातील प्रथिने असतात. म्हणजे भिंत वेगळी आणि हातमोजा एकच असेल, तर विभागणी कागदावरच राहते. रॅटचा पिंजरा उघडून भुसा झटकला, की शेजारच्या रॅकवरचे माऊस हालचाल थांबवून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात घट्ट बसलेले दिसू शकतात. त्याच वेळी वर्तनचाचणी घेतली, तर आकडे औषधाचे नव्हे, भीतीचे येतात.

रोगांची बाजू कमी वादाची आहे. स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस हा जीवाणू रॅटच्या घशात निमूट राहतो, माऊसमध्ये मात्र सांधे सुजवून जीव घेतो. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या श्वसनमार्गाच्या जीवाणूची लागण दोघांनाही होते. पिनवर्म या आतड्यातील कृमीची हलकी अंडी धुळीबरोबर खोलीभर पसरतात. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जीवाणू सशात बहुधा लक्षणे दाखवत नाही, गिनीपिगला मात्र न्यूमोनिया करतो (ससा कृंतक नाही, पण छोट्या प्राणिगृहात तो याच खोलीत येतो). खाद्याची चूकही नेहमीची : गिनीपिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. त्याला किलोमागे रोज सुमारे 10 मिग्रॅ. लागते, रॅटच्या खाद्यगोळ्यांवर ठेवल्यास दोनेक आठवड्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. रॅटला चालणारे पेनिसिलिन गिनीपिग व हॅमस्टर यांच्या आतड्यातील जंतूंचा तोल बिघडवून त्यांना मारू शकते.

दमट हवेच्या प्रदेशात ओलाव्याचा प्रश्न वेगळा असतो. उदा., गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिमी. पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांपलीकडे राहते, तर प्राणिगृहासाठी 30 ते 70 टक्के योग्य मानतात. ओल्या भुशात जंतू मूत्रातील युरियाचा अमोनिया करतात. त्याने रॅटच्या श्वासनलिकेचे अस्तर बिघडते आणि मायकोप्लाझ्मा बळावतो. म्हणून एरवी आठवड्यातून दोनदा बदलला जाणारा भुसा जून ते सप्टेंबर एक दिवसाआड बदलावा. भाताचा तूस स्वस्त व हाताशी असतो, पण गिरणीत त्यावर रानटी माऊस वा रॅट फिरलेले असतात. तो 121 अंश सें. तापमानावर ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) करावा लागतो. पोती गच्च भरली तर वाफ मध्यापर्यंत पोचत नाही; लहान, सैल पिशव्या भराव्यात आणि नंतर तूस वाळवावा, नाहीतर बुरशी धरते. वीज गेली की यंत्राने हवा खेळवल्या जाणाऱ्या बंद पिंजऱ्यांचे पंखे थांबतात व आत कार्बन डायऑक्साइड साठतो, तेव्हा त्यांना जनित्राची जोड हवीच.

एकच खोली हाती असेल, तर हवा येते त्या बाजूला माऊस, बाहेर जाते त्या बाजूला रॅट ठेवावेत. सकाळी आधी माऊस, मग रॅट. रॅट हाताळल्यावर त्या दिवशी माऊसकडे परतू नये. चिमटे, हातमोजे, ॲप्रन जातवार वेगळे असावेत आणि पिंजरे एकाच फेरीत धुऊ नयेत. नव्या प्राण्यांना किमान आठवडाभर वेगळे ठेवावे.

हॅमस्टर एकलकोंडा असल्याने प्रौढ माद्या सहसा एकेकट्या ठेवतात. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू माऊस व हॅमस्टर या दोघांतून माणसाला होऊ शकतो.