दुधाच्या साबणात दूध किती उरतं?

घरी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे न शिजवता, तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करताना पाण्याचं काम एवढंच: कॉस्टिक सोडा विरघळवून तो तेलात नीट मिसळू द्यायचा. पुढे वड्या चार-सहा आठवडे वाळतात, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. मग पाण्याऐवजी दूध, नारळाचं दूध, कॉफी किंवा बिअर का नको? चालतं. फक्त यातलं काहीही त्वचेपर्यंत पोचण्याआधी कॉस्टिकच्या तावडीतून जातं.

दुधाचंच बघा. कॉस्टिक विरघळताना इतकी उष्णता सुटते की पाणी ८० अंशांच्या वर जाऊ शकतं. दुधात तेच झालं तर लॅक्टोज साखर तपकिरी पडते, स्निग्धांशाचा तिथल्या तिथे साबण होऊन गुठळ्या धरतात, आणि प्रथिनांमधून अमोनियाचा उग्र दर्प येतो. म्हणून बरेच जण दूध आधी फ्रीजरमध्ये गोठवतात आणि त्यावर कॉस्टिक चिमूट-चिमूट टाकतात. मला दुसरी रीत पटते. कॉस्टिक त्याच्याच वजनाइतक्या पाण्यात विरघळवून गार करायचा आणि उरलेल्या द्रवाच्या वाट्याचं दूध थेट तेलात घालायचं.

आंबट द्रव घेतला तर हिशेब बदलतो. ५ टक्क्यांच्या १०० ग्रॅम व्हिनेगरमधलं आम्ल सुमारे ३.३ ग्रॅम कॉस्टिक खातं. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल सव्वासहा ग्रॅम. तेवढा कॉस्टिक वाढवला नाही तर काही तेल तेलच राहतं आणि वडी मऊ होते. सायट्रिक आम्लाचा हा खर्च मात्र परवडतो. त्यातून होणारं सोडियम सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यात बादलीला बसणारा पांढरट थर कमी होतो.

बिअर आधी उकळून, पूर्ण गार करूनच घ्यावी. वायू राहिला तर फेस भांड्याबाहेर येतो, आणि तो फेस कॉस्टिकचा असतो! अल्कोहोल राहिलं तर मिश्रण साच्यात ओतण्याआधीच घट्ट होतं.

जास्वंदीच्या काढ्याचा लाल रंगही टिकत नाही, करडा-हिरवट होतो. साबणात व्हिटॅमिन सी टिकतं असे दावे तर सोडूनच द्या. टिकतो तो साखरेचा गुण: दूध किंवा बिअर घातलेल्या साबणाला फेस जास्त येतो.

द्रव कुठलाही असो, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, कॉस्टिकमुळे त्यातून हायड्रोजन सुटतो. स्टीलचं घ्या, गॉगल आणि हातमोजे घाला, आणि कॉस्टिक द्रवात टाका, कॉस्टिकवर द्रव ओतू नका.