जँगोच्या संदर्भ-पानांची घडण

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील जँगो हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा, जन्मले ते वृत्तपत्राच्या कचेरीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याची सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या डॉक्युमेंटेशनचा, म्हणजे वापरणाऱ्यांसाठीच्या माहितीपानांचा, नीटसपणा याच वृत्तपत्री संस्कारातून आला असे मानण्याचा मोह होतो, पण आरंभीची मांडणी काही तशी नव्हती. मॉडेलची (माहितीच्या रचनेचे कोडमधील वर्णन) एक, डेटाबेसमधील शोधांची एक, सेटिंग्जची एक अशा सुट्या टेक्स्ट फाइली एकाच फोल्डरमध्ये होत्या, आणि बहुतेक फाइली वाचकाला शिकवण्याचे व पर्यायांची जंत्री देण्याचे काम एकदमच करीत. त्यामुळे एखाद्या पर्यायाचे डीफॉल्ट मूल्य (आपण काही न दिल्यास धरले जाणारे) तेवढे हवे असणाऱ्यालाही अख्खा धडा चाळावा लागे.

आवृत्ती १.० सप्टेंबर २००८ मध्ये आली. त्याआधी ऑगस्टमध्ये ही सारी सामग्री परिचय, विषयवार विवेचन, ‘हे कसे करावे’ आणि संदर्भ अशी वेगळी करण्यात आली. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी तयार केलेले स्फिंक्स हे साधन त्यासाठी वापरले गेले आणि प्रत्येक फील्डला (माहितीच्या रकान्याला), मेथडला (कोडमधून बोलावता येणाऱ्या कृतीला) व सेटिंगला थेट दुवा देता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळाला. माझ्या मते संदर्भ-विभागाला स्पष्टता आली ती वाक्ये सुधारल्याने कमी आणि शिकवणी तिथून हलवल्याने अधिक. रकाना रिकामा चालेल का हे ठरवणाऱ्या दोन पर्यायांपैकी ‘नल’ हा केवळ डेटाबेसशी आणि ‘ब्लँक’ हा केवळ माहितीच्या तपासणीशी संबंधित आहे, हा नवशिक्यांना हमखास चकवणारा भेद तिथे अगदी थोडक्यात उरकला आहे.

कोडमधून आपोआप निर्माण केलेली संदर्भ-पाने जवळजवळ निरुपयोगी असतात, असे प्रकल्पाचे तेव्हाचे एक प्रमुख जेकब कॅप्लन-मॉस यांनी २००९ मध्ये ठामपणे मांडले. नव्या सुविधेच्या कोडसोबत तिचे डॉक्युमेंटेशन आलेच पाहिजे हा प्रकल्पाचा दंडक आहे, आणि ‘सोपे’, ‘फक्त’ यांसारखे काम हलके भासवणारे शब्द टाळावेत असे लेखन-नियम सांगतात.

तरीही शिकवणी आणि संदर्भ यांतील सीमारेषा सर्वत्र पाळली जात नाही. संबंधित नोंदी एकाच शोधात मिळवणाऱ्या ‘सिलेक्ट रिलेटेड’ या मेथडची संदर्भातील नोंद उदाहरणे देत बरीच लांबते. ते मला योग्यच वाटते, कारण डेटाबेसकडे एकूण किती फेऱ्या होतात हे दाखवल्याशिवाय त्या मेथडचे कामच सांगता येत नाही.