गाठ दिसली, पण ती करते काय?

मूतखड्याच्या संशयावरून पोटाचा सीटी स्कॅन होतो. खडा सापडत नाही, पण अहवालाच्या शेवटी एक ओळ असते: ‘डाव्या अधिवृक्क ग्रंथीवर २ सेंमीची गाठ.’ ती वाचून तोंडचं पाणी पळतं. कर्करोग असेल का, बायोप्सी कधी करायची, हेच मनात घोळू लागतं. म्हणून आधीच सांगते: अशा अवचित सापडलेल्या गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. आणि बायोप्सी ही इथली पहिली पायरी नाहीच. काही गाठींमध्ये सुई घालणं जिवावर बेतू शकतं.

अधिवृक्क म्हणजेच अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ व बीपी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं तयार होतात, आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन. प्रौढांचे स्कॅन पाहिले, तर शंभरात तीन-चार जणांच्या ग्रंथीवर गाठ दिसते. उतारवयात हे प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळे खरे प्रश्न दोनच: गाठ कर्करोगाची आहे का, आणि ती जास्तीचं संप्रेरक सोडते का?

पहिल्याचं उत्तर बरेचदा त्याच स्कॅनमध्ये दडलेलं असतं. सीटीवर घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याची ०, हवेची उणे १०००. इथल्या साध्या गाठींच्या पेशींत चरबी भरपूर असते, त्यामुळे त्यांची घनता कमी भरते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून दिलं जाणारं औषध) न देता काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ सगळीकडे एकसारखी असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती कर्करोगाची नाही असं धरून चालतात. आकडा जास्त असला तरी तेवढ्यावरून कर्करोग ठरत नाही. पुढच्या तपासण्या मात्र लागतात.

अशा जास्त घनतेच्या गाठींत फिओक्रोमोसायटोमा असू शकतो. गाभ्यातली ही गाठ दुर्मीळ, पण तिला विसरून चालत नाही. रुग्णाची छाती अचानक धडधडू लागते, दरदरून घाम फुटतो, डोकं ठणकतं, चेहरा पांढराफटक पडतो, बीपी भडकतं. थोड्या वेळाने सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपीही ठीक आणि ईसीजीही ठीक. मग ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं. खरा आजार असलेल्या माणसाला हे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

झटका ओसरल्यावर पुरावा शोधायचा कुठे? रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत नाहीसं होतं. पण गाठीच्या पेशींत साठवलेलं अ‍ॅड्रेनलिन आतल्या आत थोडं थोडं झिरपत असतं आणि तिथलंच एक एन्झाइम त्याचं मेटानेफ्रिन करून टाकतं. हे रात्रंदिवस चालू राहतं. झटका येवो न येवो. म्हणून मेटानेफ्रिनच मोजायचं, रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत. रक्त घेण्याआधी रुग्णाला २०-३० मिनिटं शांत आडवं ठेवतात, कारण नुसतं उठून बसल्यानेही आकडा वाढतो. नैराश्यावरची काही औषधंही तो फसवा वाढवतात. अहवाल नॉर्मल आला, तर ही गाठ जवळजवळ नक्कीच नाही. शरीराची रसायनं नीट समजून घेऊन शोधलेली इतकी सुंदर चाचणी क्वचितच पाहायला मिळते.

हे न तपासता सुई घातली किंवा भूल दिली, तर गाठीतून अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटू शकतो. शस्त्रक्रियेआधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर देऊन रक्तवाहिन्या सैलावतात. धडधडीसाठी बीटा ब्लॉकर लागलाच, तर त्यानंतर. हा क्रम उलटला तर बीपी आणखी चढतं.

कॉर्टिसॉलची चाचणी त्यामानाने सोपी. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. निरोगी ग्रंथी या गोळीने गप्प बसते. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त राहिलं, तर गाठ स्वतःच्या मर्जीने चालली आहे अशी शंका घ्यायची.

बीपी जास्त असेल किंवा पोटॅशियम कमी असेल, तर अल्डोस्टेरॉन आणि मूत्रपिंडातून येणारं रेनिन यांचं गुणोत्तरही पाहतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये जास्तीच्या अल्डोस्टेरॉनच्या या आजाराचं वर्णन केलं. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून हा आजार नाही असं मानणं चूक आहे. बहुतेक रुग्णांचं ते नॉर्मलच असतं. आणि इथे स्कॅन चक्क फसवू शकतो. गाठ डावीकडे दिसते, पण जास्तीचं अल्डोस्टेरॉन उजवीकडून किंवा दोन्हीकडून येत असतं. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर बहुतेकांच्या बाबतीत जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं घेतात. उजवी शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे तिच्यात नळी शिरवायला सरावलेला हात लागतो. दोन्ही बाजूंचे आकडे हातात आल्यावरच कोणती ग्रंथी काढायची, किंवा काढायचीच नाही आणि औषधावर ठेवायचं, हे ठरतं.