अचलपूरचं स्टेशन : कापसासाठी आलेली गाडी

अचलपूर स्टेशनात आज शकुंतला, म्हणजे इथली अरुंद रुळांवरची छोटी गाडी, येत नाही. ती का येत नाही, हे समजायचं तर ती आली कशासाठी इथपासून सुरुवात करावी लागते.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. पण अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा हा कापसाचा मुलूख मुख्य मार्गापासून लांबच राहिला. जिनिंग-प्रेसिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापूस दाबणाऱ्या कारखान्यांतून, निघालेल्या गाठी बैलबंड्यांनी न्यायच्या म्हणजे दिवसच्या दिवस जायचे.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली ती याच गाठींसाठी. अडीच फूट अंतराचे अरुंद रूळ मुर्तिजापूरहून दोन्हीकडे गेले : उत्तरेला अचलपूरपर्यंत सुमारे 76 किलोमीटर, दक्षिणेला यवतमाळपर्यंत 113. मुर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईहून जहाजाने थेट मँचेस्टर. पुढे या मार्गावर आलेलं इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच घडलेलं होतं. ते 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं.

कंपनीने गाडी कापसासाठी आणली, पण ती आपली केली गावांनी. शकुंतला हे नावही लोकांचंच. बाजारकरी, शेतमजूर, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यांना तिचं तिकीट परवडायचं. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर कर्मचारीच उरले नव्हते, तेव्हा गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची. सोबतचा माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पळत येऊन पुन्हा चढायचा. इतक्या थोड्या माणसांनी एवढ्या लांब मार्गावर गाडी चालती ठेवली, याचं मोल आपण फारसं ओळखलं नाही.

माझ्या मते घात झाला तो मालकीने. 1951 च्या सुमारास देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, हा मार्ग मात्र कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी सरकार चालवायचं आणि कंपनीला करारानुसार वाटा जायचा. पैसा रुळांत घालायचा कोणी? कंपनीने घातला नाही, सरकारनेही हात आखडता घेतला. रूळ खिळखिळे होत गेले, वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास आला, आणि गेल्या दशकात आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी बंद पडली.

2016 मध्ये हा मार्ग मोठ्या गेजचा, म्हणजे रुंद रुळांचा, करण्याची घोषणा झाली. यवतमाळच्या बाजूला निदान वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग तरी आकाराला येतोय, त्यातला वर्धा ते कळंब टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला मात्र गाडी धरायला आजही एसटीने अमरावती किंवा बडनेरा गाठावं लागतं.