खान्देशात गाणं विकत मिळू लागलं तेव्हापासून

एकाच घरात आजी, मुलगा आणि नातू वेगवेगळी गाणी ऐकतात, हे आपण वयावर टाकून मोकळे होतो. खान्देशापुरतं बोलायचं तर मला वयापेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: ज्याच्या त्याच्या तरुणपणी गाणं घरात कुठून येत होतं?

जुन्या पिढीतल्या बायकांनी गाणं विकत घेतलंच नाही. जात्यावरच्या ओव्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर झोक्यावरची आणि गौराईची गाणी, श्रावणात कानबाई या देवीची, पुढे गुलाबाईची. सगळं त्यांचं त्याच गात. पुरुषांना तमाशा होता, वहीगायन ही गाण्याची लोककला होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच गाणाऱ्या बायकांमधल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या रचना मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांतल्या काही आल्या. शेतात आणि जात्यावर सुचलेलं गाणं असं तबकडीवर चढलं आणि विकाऊ झालं.

तबकडी मात्र मोजक्या घरांत होती. बहुतेकांच्या कानांवर संस्कार केले ते रेडिओने. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, १९५७ पासून विविध भारती. ट्रान्झिस्टर आल्यावर तो शेतातही जाऊ लागला. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना जुनी हिंदी चित्रपटगीतं तोंडपाठ असतात, त्याचं कारण इथे आहे. अहिराणी ही खान्देशातली बोली बोलणाऱ्या माणसाने आवडीचं म्हणून जे गाणं धरलं, ते मुंबईत तयार झालेलं होतं.

खरी उलथापालथ कॅसेटने केली. तबकडी काढायला कारखाना लागे, म्हणून कंपनी मोठा खप असलेलंच गाणं निवडे. अहिराणीला तिथे जागा मिळणं अवघड होतं. कॅसेटची नक्कल थोड्या भांडवलात निघायची. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी-सीरीजने भाव आणखी खाली आणले. मग प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची आणि भीमाची गाणी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि अहिराणी लोकगीतांच्याही कॅसेट निघू लागल्या. कोरी कॅसेट देऊन आवडीची गाणी भरून घेण्याची सोय होती. आज पन्नाशीच्या आसपास असलेली पिढी हीच. खिशातले पैसे मोजून गाणं विकत घेणारी तीच पहिली मोठी पिढी, असं मी मानतो.

त्यानंतर सीडी आली, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तेही मागे पडलं. आजचा तरुण रिचार्जचे पैसे भरतो, गाण्याचे नाही. गाण्यावर रोख खर्च होतो तो लग्नात, बँडवर आणि डीजेवर. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ढोल आणि पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यासोबत आता गुजरातकडची टिमली ही नाचाची धून कीबोर्डवर वाजते.

मला आनंद याचा आहे की यूट्यूबवर अहिराणी गाणं पुन्हा तरुणांच्या तोंडी आलं. हळदीला ते लागलं की आजीही ठेका धरते. पण जुन्या चालीवर नवं गाणं बेतलं की श्रेय ‘पारंपरिक’ या एका शब्दात उरकलं जातं. त्या चाली ज्यांच्याकडून आल्या, त्यांतल्या कितीतरी बायका अजून गावात आहेत. गाण्याखाली त्यांचं नाव आणि गावाचं नाव लिहायला काहीच खर्च येत नाही.